दहीपुलावर थांबा

रविवारी सकाळी सातला, रविवार कारंजावर.
माणशी आठशे, खाणं धरून, पाणी आपापलं.
नऊ जण आलेत. बूट घाला असं कळवलं होतं,
तरी एकीच्या पायात टाचेच्या चपला.

मी छत्री उंच धरते. ऊन नाही, पाऊस नाही,
गर्दीत मी हरवू नये, एवढ्यापुरती छत्री.

पहिली मिसळ. काळा मसाला, रस्सा वेगळ्या वाटीत.
म्हणते, आधी नुसती मटकी, मग रस्सा, मग बोला.
कोणीच बोलत नाही.
नाकं तेवढी वाहतात.

तांबट आळीत खायला काही नाही.
एकच म्हातारा हंड्याला ठोके देत बसलेला.
इथे फक्त कान उष्टे करा, म्हणते,
आणि हे वाक्य मला दर रविवारी आवडतं.

बोहोरपट्टीत मोइझभाई
नानखटाईच्या आधी प्रत्येकाच्या बोटावर चिमूटभर मीठ ठेवतात.
आमच्यात जेवण मिठानं सुरू होतं, म्हणतात.
पुण्याचं जोडपं फोटो काढतं मिठाचा.
फोटोत मीठ दिसत नाही, बोट दिसतं.

सराफ बाजारात जिलबी.
शटर अजून अर्ध्यावर, सोनं झोपलेलं, कढई जागी.

या सगळ्यात एक गृहस्थ काहीच खात नाहीत.
निवृत्ती काकड, नोटप्रेसमधून रिटायर, साखर तीनशेच्या वर.
हातात द्रोण घेतात, वास घेतात,
शेजारच्याला देऊन टाकतात.
रिकामा द्रोण मात्र मागून घेतात परत,
घडी घालून खिशात.
मी वेळेकडे बघते. दहाला संपवायचंय.

दहीपूल माझ्या यादीत नाही.
तिथे आता दही नाही, पूलही दिसत नाही,
खालून नाला जातो म्हणतात, वर कपड्यांची दुकानं.
नुसत्या नावाला काय चाखायला देऊ?
मी छत्री पुढे नेते आणि मागे वळते
तर आठच.

काकड पायरीवर बसलेत, हात पालथा धरून.
"आई मखमलाबादहून यायची," म्हणाले,
"डोक्यावर मडकं, मागे मी.
गिऱ्हाईक म्हणायचं, आंबट तर नाही ना?
ती पालथ्या मुठीवर एवढंसं ठेवायची.
चाटून बघा, म्हणायची, मग पैशाचं बोला.
कोणी नुसतंच चाटून जायचं.
असे किती गेले ते ती रात्री मोजायची,
शिव्या घालत.
मग मी पण रांगेत उभा राहायचो,
गिऱ्हाईक होऊन.
मला ओळख द्यायची नाही.
द्यायची मात्र सगळ्यात मोठा घास."

स्कूटरवाला हॉर्न देत राहिला.
टाचेच्या चपलेवाली आधी बसली,
मग पुण्याचे दोघं,
मग बाकीचे, उभ्याउभ्याच, हात पालथे.
काय होईल याची वाट बघितली आम्ही.
काहीच झालं नाही.
एका दुकानदारानं विचारलं, मेंदी काढायची का?

गोदाघाटावर चहा. चहाही त्यांनी घेतला नाही.
निरोपाच्या वेळी म्हणाले, ताई, मी तर काही खाल्लं नाही,
अर्धे परत मिळतील का?
बरोबर होतं त्यांचं.
मी चारशे मोजून दिले.
जन्मभर नोटा मोजलेल्या माणसानं
ते पुन्हा मोजले, अंगठा ओला न करता,
आणि त्यातले पन्नास माझ्या हातावर ठेवले.

"हे दह्याचे."

घरी आल्यावर यादी काढली.
जिलबी आणि घाटाच्या मध्ये जागा नव्हती,
म्हणून कडेला, आडव्या अक्षरात लिहिलं:
दहीपूल, पाच मिनिटं.
हात धुऊ नका.