भोवरा

माझ्या डोक्यावर दोन भोवरे होते.
न्हाऊ घालताना आई बोटाने गिरवायची,
आणि दारातून आत्या म्हणायची,
दोन भोवरे, दोन नवरे, पोरीला सांभाळा.

मल्हारगंजात जीरावन दळायची गिरणी.
सोळा वर्षं तिथे तिखट चाळलं,
अंबाडा घट्ट, वर जाळी, जाळीवर फडकं.
त्या दिवशी फडकं धुवायला टाकलं होतं.
बास, एवढंच.
पट्ट्याने आधी वेणीचा शेंडा मागितला,
मग हिशेबच केला नाही.

दुखलं नाही. कुणाला खरं वाटत नाही.
आधी गार लागलं,
भर दुपारी कुणी पत्रा उचकटून
खोलीत आभाळ सोडावं तसं.
ऊब नंतर उतरली, भुवयांवरून, दोन्ही डोळ्यांत.

भेरूलालने खटका पाडला.
त्यानेच केस पट्ट्यातून सोडवले, कातडीसकट,
शेवेच्या कोऱ्या पिशवीत घातले, गाठ मारली,
शिकंजीवाल्याकडून बर्फ आणला,
बर्फात ती पिशवी ठेवली. कुणी शिकवलं होतं त्याला?
मल्हारगंज ते एमवाय, रिक्षात
मी माझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

खासगीवाले बाईंनी नऊ तास शीर शोधली.
भिंगाखाली सुईच्या नेढ्याएवढी शीर,
तिला तशीच दुसरी जोडायची.
तिसऱ्या दिवशी जांभळी पडली ती सगळी मेहनत.
त्यांनी ती काढली, आणि मला सांगायला
स्वतः आल्या, चपला बाहेर काढून,
जसं कुणाच्या घरी जावं.

मग नुसतं हाड.
हाडावर कातडी धरत नाही, म्हणाल्या,
फरशीवर मेथी उगवते का?
म्हणून हाडालाच बारीक भोकं पाडली,
आतली ओल लागेपर्यंत.
तीन आठवड्यांनी भोकांतून वर आलं काहीतरी,
भिजवलेल्या मसुरीसारखं, लाल.
ड्रेसिंग करणारी लिसम्मा हसली, दाणे आले!
मी पहिल्यांदा आरसा मागितला.
तिने दिला नाही.

मांडीची साल काढून टाळूवर पसरली,
पापडाहून पातळ.
आता माझी मांडी ऊन खाते.

वर्षभराने फुगा.
डाव्या कानामागे, उरलेल्या केसांखाली,
दर गुरुवारी एक सुई, थोडं खारं पाणी.
कातडी ताणते, आणि ताणता ताणता वाढते,
हे मला पोटावरून माहीत होतं,
डोक्यावरून नव्हतं.
बारा गुरुवार.
सिटी बसमध्ये लोक जागा द्यायचे
आणि दुसरीकडे बघायचे.
एका लहान मुलाने मात्र विचारलं, आत कोण आहे?
मी म्हटलं, पाहुणे आहेत, जातील.

शेवटी फुगा काढला, सैल झालेलं सगळं
पुढे ओढून टाळूवर आणलं, टाके घातले.
टाळूवर पुन्हा केस. पण आडवे उगवतात,
वाट चुकून दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरं जशी.
भांग सरळ पडत नाही. मी पाडतही नाही.

एक भोवरा गिरणीत गेला.
दुसरा सरकून कपाळाशी आला आहे, उजवीकडे.
दिगंबर तो बघत बसला एक दिवस, चहा निवेपर्यंत.
मग म्हणाला, चला, दुसऱ्याची भीती गेली.
लग्नाला बावीस वर्षं झाली,
हा माणूस आत्याला घाबरत होता, आणि बोलला आज.

खासगीवाले बाईंनी एक सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, मला ऐकू आलं नसेल.
टाळूवर बोट ठेवलं
की कानामागे कळतं.
कातडी नव्या घरी आली,
जुना पत्ता विसरली नाही.

आज दुपारी ओट्याशी उभी होते,
टाळूवर माशी बसली.
मी कानामागे चापट मारली.
माशी तिथेच.
पुन्हा मारली.
मुलगी दारातून बघत होती.
आई, वर, म्हणाली,
वर.