परतीच्या गाडीतला जमाखर्च

सगळे झोपलेत, यार्मो सोडून.
तो गाडी चालवतोय, त्याचा नाइलाज.
रात्रीचे साडेदहा वाजलेत, आणि सूर्य अजून
बर्चच्या खोडांआडून डोकावतोय,
दारात उभं राहून गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा,
निघतो निघतो म्हणत न निघणारा.
कुओपिओ अजून दीड तास.

मी पर्समधून पावत्या काढल्या.
सवय. कागदगिरणीत चौदा वर्षं
मी दुसऱ्यांचे आकडे जुळवते.

मनगटी पट्ट्या चार, आणि पाचवी सवलतीची.
खिडकीतली पोरगी म्हणाली, आजोबांना वयामुळे कमी पडेल,
तेव्हा माझे सासरे तिच्याकडे असे बघत राहिले
जणू त्यांच्या खिशातून तिने काही काढून घेतलं.

सॉसेज पाच. खाल्ले चार.
पाचवा समुद्रपक्ष्याने नेला, ओत्सोच्या हातातून, मोहरीसकट.
ओत्सो म्हणाला, त्यालाही भूक असेल.
हे जमेला धरायचं का?
बरं, धरते.

लाटेवरची होडी: फेरी दोन मिनिटं, रांग सत्तर.
रांगेत डास. पुढे कुणाचं तरी तान्हं, भोंग्यासारखं.
चाळिसाव्या मिनिटाला ईल्माने
माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.
तेरा वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यापासून
माझा हात लागला तरी बाजूला सरकते.
पाय दुखतायत, म्हणाली.
मी हलले नाही. रांग पुढे सरकली
तेव्हा मागच्या बाईने मला ढोसलं.

मग ते लाकडी अस्वल,
पंजा एकशे वीस सेंटिमीटरवर धरून उभं.
ओत्सो एकशे अठरा.
बुटात त्याने कागदी रुमाल घड्या करून घातले होते,
सकाळीच, घरून. आम्हाला पत्ता नाही.
मुरुमांच्या चेहऱ्याच्या त्या पोराने
बुटांकडे पाहिलं, बोलला काही नाही.
पुढच्या उन्हाळ्यात ये, म्हणाला, जागा धरून ठेवतो.
ओत्सो शौचालयामागे जाऊन रडला,
आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला
मी आणि यार्मो भांडलो,
त्याला कबूल कुणी केलं होतं यावरून.
हळू आवाजात. आमच्याकडे
भांडण जेवढं हळू तेवढं जास्त लागतं.

ईल्माला एकटीने बसायचं नव्हतं.
सासऱ्यांनी टोपी काढली, चष्मा काढला,
दोन्ही माझ्या हातात दिलं आणि चालू लागले.
सासूबाई गेल्याला दोन हिवाळे झाले.
तेव्हापासून हा माणूस
हवा आणि सरपण, एवढ्याच विषयांवर बोलतो.

गाडा वर चढला, कटकट कटकट,
टोकाला जाऊन थांबला, तळं सगळं दिसत असेल तिथून,
आणि सुटला.
वरून एक आवाज आला.
किंकाळी नाही. आरोळीच,
रानात हरवलेल्याला मारतात तशी.
कोण हा, यार्मो म्हणाला.
मग त्याने ओळखला
आणि माझ्या हातातली टोपी
उगाचच स्वतःकडे घेतली.

खाली आले. चष्मा लावला.
ठीक होतं, म्हणाले.

बाहेर पडायच्या दारात पडद्यावर फोटो:
ईल्मा डोळे मिटून,
आणि शेजारी वेइक्को, तोंड उघडं, पांढरे केस उभे,
हा माणूस मी कधी पाहिलेला नाही.
बारा युरो.
कागदाच्या तुकड्याला बारा युरो? मी म्हटलं. चला.
मागे वळून पाहिलं तर
त्या चौकटीत आता दुसरेच चेहरे होते.

तर हे बारा युरो.
वाचले म्हणून लिहू, की गेले म्हणून?
पेन टोपणावर आपटत बसलेय,
दोन्ही रकाने उघडे.

मागच्या सीटवरून, मला वाटलं झोपलेत,
घसा बसलेल्या आवाजात सासरे विचारतात,
पोरं वर्षाला किती वाढतात गं,
दोन सेंटिमीटर तरी?