पाणी दिलेली

चार बोटं पातं, चार बोटं मूठ.
मिटत नाही.
मिटणारे चाकू सुपारीला बरे,
असं डोमाजी कुमरे म्हणतो,
बत्तीस वर्षं रोजंदारीवरचा वनमजूर,
आणि आपली सुरी माझ्या पट्ट्याला बांधून देतो
पळसाच्या मुळीच्या दोरानं.

आधी ती फॉरेस्टच्या जीपचा पाटा होती.
पहाडीच्या उतारावर मोडली,
तीन पावसाळे डेपोमागं गंजत पडली.
मग नाक्यावर पालं ठोकून बसलेल्या घिसाड्यांत
हिरा साळुंकेनं घण घातला, नवऱ्यानं सांडस धरली,
आणि लाल असतानाच
टोरीच्या तेलात तिला पाणी दिलं.
उन्हात तापली की अजून वास येतो तेलाचा.
मला येतो. डोमाजी म्हणतो, काई नाई येत.

पहिला महिना
मी तिनं गणनेच्या पेन्सिली तासल्या.
तो बघायचा. बोलायचा नाही.

एप्रिलात पाणवठ्याचा चिखलही तडकला होता,
माझी बाटली अकरालाच रिकामी.
डोमाजी एका ऐनापाशी थांबला,
पोट तपासावं तशी साल दाबत गेला,
फुगीर जागी टोक रुतवलं, फिरवलं.
झाडानं पाणी दिलं.
तुरट, मातकट, ओंजळभर, मग अजून ओंजळभर.
नंतर बसून त्यानं खुंटी तासली,
भोक बुजवलं.
‘परत लागंल कोनाले.’

विस्तव त्यानंच शिकवला:
बांबूच्या नळीत सावरीचा कापूस,
गारगोटीवर सुरी.
मी धार मारत होते.
‘धार नाई बाई, पाठ. ठिनगी पाठीतून निंगते.’

भेकर मला एकटीला सापडलं.
क्लचची तार, मागचा पाय, भुंकून बसलेला घसा.
मी तारेवर सुरी मारली. पुन्हा मारली.
तार तशीच.
डोळ्यांत त्याच्या मी दिसत होते, हात वर केलेली.
किती वेळानं सुचलं
की तार ज्याला बांधलीय ते लाकूडच आहे,
टेंभुर्णीचं, मनगटाएवढं.

सुटलं ते.
पायातल्या तारेसकट सुटलं.
रजिस्टरात मी लिहिलं: फासा एक, प्राणी पसार.
तारेसाठी रकाना नव्हता.

संध्याकाळी डोमाजीनं धारेवरून अंगठा फिरवला,
दातऱ्यापाशी थांबला.
मी दगड पुढं केला, त्यानं घेतला नाही.
‘राहू दे. आता तुयी झाली.
माही असती, तं तारेवर नसती मारली.’

अजून पेन्सिली तिनंच तासते.
प्रत्येक पेन्सिलीवर
एक बारीक रेघ उमटते, टोकापर्यंत,
तारेएवढी.