गाळ

चर्चेची चौथी फेरी संपली तेव्हा
विट्यात वीज गेलेली होती.
माग गप्प होते, म्हणून मोबाइलमधला निवेदक
सगळ्या पत्र्याच्या शेडभर ऐकू आला:
सीमेवरची नाकी तूर्त बंदच राहतील.
विमानतळावर कुणाचे जवान उभे करायचे, त्यांचे की आपले,
यावर उभय पक्षांत विचार चालू आहे.
चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात झाली.

सौहार्दपूर्ण.
संकेतला अर्थ विचारला. आठवीत आहे.
म्हणाला, चहा चांगला होता असं समज.

त्याचे पप्पा त्या देशात गेले सतरा वर्षांपूर्वी,
लेंगऱ्याच्या मामांच्या मागं मागं,
एका सोनाराच्या माडीवर, गलाईच्या भट्टीशी.
आमच्या भागातली माणसं
दुसऱ्याच्या दुकानातला केर विकत घेतात,
जुन्या चटया जाळतात, मोरीचं पाणी निवळतात,
आणि त्यातून सोनं काढतात.
लोकांना खोटं वाटतं.
आमची दोन खोल्यांची स्लॅब त्या केरातनं पडली आहे.

आज नाकेबंदीचा बावन्नावा दिवस.
तिकडं गॅस नाही, तेजाब नाही.
तेजाबाचे कॅन ट्रकमध्ये, ट्रक नाक्यावर,
ड्रायव्हर ट्रकखाली पत्ते कुटत बसलेले.
मूस थंड. सवागी डब्यात तशीच.
काल खुर्ची फोडून भात शिजवला, म्हणाले,
आणि हसले. फोनवर हसतात तेव्हा मला भीती वाटते.

मग विमानानं या ना, म्हटलं.
दोनदा गेले की.
दोन्ही वेळा पांढरी पट्टी तळहातावरून फिरवली,
यंत्रात घातली, आणि यंत्र ओरडलं.
सतरा वर्षांचं तेजाब कातडीत मुरलंय,
यंत्राला त्यात बॉम्बचा वास येतो.
चार तास एका खोलीत.
नाव काय. शहाजी यशवंत निकम.
हे हात कशानं असे झाले.
लिंबानं धुतले, राखेनं घासले,
नखं मुळापर्यंत काढली.
यंत्र कुणाचं ऐकतंय?

म्हणजे त्या लांबलचक टेबलाशी
बाटलीबंद पाणी पीत
ज्या हातांबद्दल बोलणं चाललं आहे
ते माझ्या ओळखीचे आहेत.
त्या हातांनी संकेतला तान्हा असताना
कधी न्हाऊ घातलं नाही.
पोळेल त्याला, म्हणायचे. उगाच.

गलाईत एक बरं असतं,
कितीही केर आणा,
खरं किती ते मुशीच्या तळाला कळतं.
पेपरातलं निवेदन मी कापून ठेवलंय.
परस्परविश्वास. ठोस पावलं. लवकरच.
तोळा राहू द्या, यात गुंजभर तरी?
सासूबाई म्हणाल्या, जाळून बघ.

पाचव्या फेरीत ठरलं,
तपासणी दोघं मिळून करतील.
म्हणजे रे काय?
म्हणजे आधी त्यांचं यंत्र वाजणार, मग आपलं.

परवा पाऱ्याचा दगडू शिंत्रे आला,
रात्रीतनं नदी ओलांडून, चालत.
त्याच्याकडं यांची पिशवी. यांचे तीन शर्ट.
चिठ्ठी नाही. एक नेलकटर.

लग्नाच्या पहिल्या वर्षी यांचा शर्ट धुऊन
पाणी मी मोरीत ओतलं होतं.
सासूबाई तीन दिवस बोलल्या नव्हत्या.
आता कळतं.
तिन्ही शर्ट घमेल्यात भिजवले, पिळून काढले,
पाणी रात्रभर हलू दिलं नाही,
पोराला तिकडं फिरकू दिलं नाही.

सकाळी वरचं पाणी वाटीवाटीनं काढलं.
तळाला राखी गाळ, बोटाच्या पेराएवढा.
त्यात पिवळं काही आहे का
ते मी अजून बघितलेलं नाही.
वीज आली होती, माग सुरू झाले होते.
सहावी फेरी मंगळवारी आहे.