खाली काळीज, वर शेत

सही घ्यायला गेलो होतो, एवढंच.
आकिताच्या डोंगरातलं शेवटचं घर,
त्यापुढे बस वळते.
अंगणात पर्सिमनचं झाड, पानं झडलेली,
उतरवणारं कोणी नाही म्हणून
फळं तशीच, शेंड्यापर्यंत.
बुंध्यावर पाच-पाच ओरखडे.

अर्ज मीच लिहिला होता, नगरपालिकेच्या कागदावर:
अस्वलाच्या 'ओसोरे'मुळे झाड तोडण्यास संमती.
किनुएबाईंनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.
म्हणाल्या, हे अक्षर आमच्या घरातलं नाही.

मी म्हटलं, आजी, ओसोरे म्हणजे ओसोरे. भीती.
कानाला एकच रे. डोळ्याला दोन.

त्यांनी बोट चहात बुडवलं.
हे तुझं. ह्याच्या तळाशी काळीज आहे बघ,
धडधडतं, पळ म्हणतं.
त्याला नावं ठेवत नाही मी,
परवा रात्रभर दाराला पाठ लावून
पातेलं बडवत बसले होते.

आणि हे तोकुजींचं.
वर शेताचा चौकोन.
पंडित म्हणतात ते भुताचं डोकं होतं पूर्वी;
असेल. मला शेत दिसतं.
काळीज ह्यात कुठेच नाही.

चाळीस हिवाळे ते बंदूक घेऊन वर गेले.
पडलेल्या अस्वलाचं डोकं उत्तरेला करायचे,
आधी टोपी काढायचे,
मग सुरी.

भ्यायचे?
भ्यायचे तर. पण ते भिणं
पायात उतरत नसे.
देवळात कसा आपोआप आवाज खाली येतो,
तसं काहीतरी.
एवढं म्हणून त्या उगाच चिडल्या,
मेलेल्या माणसाचं किती सांगायचं.

टेबलावरची अक्षरं वाळत होती,
काळजाचा एक थेंब मागे राहिला.

मग त्यांनी माझं अक्षर खोडलं,
शेजारी दुसरं लिहिलं, शिक्का उठवला.
यंदा वर बीचला फळ धरलं नाही, म्हणाल्या,
ते तरी काय खाणार.
तोडा. पण ह्या भीतीने तोडा, त्या नको.

साहेब तो अर्ज परत पाठवतील.
चुकीचं अक्षर, नवा फॉर्म भरा.

थांब्यावर बसला अजून वीस मिनिटं.
मागे बांबूत काहीतरी मोडलं.
पिशवीची घंटी वाजवायची, हे आम्हीच
पत्रकात छापलेलं.
घंटी मुठीत घट्ट धरून
मी उभा,
आणि टोपी डोक्यावर जड.