शिवण नजरेआड

पुतळा तेच देतात.
राखाडी, नागडा, दोन्ही हात पसरून उभा,
जणू शिंप्याकडे मापाला आलाय.
त्याचा एकही बिंदू हलवायचा नाही.
नाक बसकं वाटलं तरी बसकंच,
खांदे पडलेत तर पडलेले.
आपण फक्त कातडं चढवायचं.

धारावीत, माळ्यावर, मांडीवर कीबोर्ड घेऊन मी नियम वाचतो.
खाली अण्णा रापीला धार लावतायत,
तो आवाज
दोन नियमांमधल्या मोकळ्या जागेत बरोबर बसतो.

एका स्पर्धकाची एकच प्रवेशिका.
दुसऱ्याचं काम आढळल्यास बाद.
फोटो वापरलात तर तो तुम्हीच काढलेला हवा
आणि ज्याचा काढलात त्याची परवानगी हवी.
अण्णा, तुमच्या मानेचा फोटो काढू?
"काढ की. मानेला काय लायसन लागतंय?"

सोबत तयार रंगांची पेटी आहे.
गोरा, निमगोरा, गव्हाळ,
लग्नाच्या जाहिरातीत संपतात तिथेच संपलेले.
त्यापुढचे रंग आपले आपण मिसळावेत
असं कुठे लिहिलेलं नाही.
मी मिसळले.

सहावा नियम तीनदा वाचला.
अख्खं कातडं सोलून, सपाट करून
एकाच चौकोनात बसवायचं,
चार हजार शहाण्णव ठिपके आडवे, तेवढेच उभे.
तुकडा तुकड्यावर चढता कामा नये.
जागा वाया जाता कामा नये.
शिवण ठेवावी तिथे, जिथे नजर जात नाही.

मालाडच्या क्लासमध्ये सत्तर हजार भरले,
सर दोन महिने हेच समजावत होते,
आणि मी मागच्या बाकावर गप्प.
सहा वर्षांचा होतो तेव्हाच पाहिलं होतं सगळं:
फरशीवर पसरलेली म्हशीची पाठ,
तिच्यावर पुठ्ठ्याचे साचे सरकवणारे अण्णा,
दोन पाकिटांच्या फटीत
एक किचेन बसवून खूश होणारे.
शाळेत मी सांगायचो,
बाबा बॅगांच्या कंपनीत आहेत. ऑफिसात.

रात्री ते चहा घेऊन वर आले.
पडद्यावर माणूस उलगडून ठेवलेला,
चेहरा एकीकडे, पंजे दुसरीकडे.
कुणी दुसरं असतं तर शिसारी आली असती.
ते बराच वेळ बघत राहिले, मग बोट थेट काचेवर:
"पाठ घट्ट असते, बारीक काम इथं कर.
पोट सैल, पोट पसरतं, त्याच्या नादी लागू नको.
काखेतली शिवण झ्याक.
आणि हे काय, एवढुसं?"

तळवे, मी म्हटलं.
परीक्षक तीन बाजूंनी बघणार,
समोरून, कडेने, पाठीमागून.
तळवे दिसतच नाहीत कुणाला,
म्हणून कोपऱ्यात, नखाएवढे.

ते हसले नाहीत.
"बॅगा नंतर आल्या. त्याआधी वीस वर्षं
मी माणसाचं तेवढंच बघत होतो."

बाराव्या नियमापर्यंत मी पोचलोच नाही.
कानामागची जागा कापली,
टाळूची कापली, तिथे केसच येणार होते,
आणि सगळी तळव्यांना दिली.
अण्णा बाकड्यावर पाय वर करून बसले,
टॉर्च मी दातांत धरला.
टाचेची भेग. भेगेतली काळी रेघ,
जी कुठल्याच साबणाने गेली नाही.
अंगठ्याखालचा पिवळा घट्टा.
डाव्या पायात आरी घुसली होती तिथला वण,
तिळाएवढा, चकचकीत.
गुदगुल्या होतात म्हणून दोनदा फोटो हलला.

मुदत आज रात्री बारापर्यंत.
कलाकाराचं नाव, रकाना एकच.
दोन नावं टाकून पाहिली, लाल झालं.
शेवटी नुसतं होळमुखे लिहिलं.

एकाहत्तर टक्क्यांवर पट्टी अडकली होती
तेव्हा त्यांनी खालून विचारलं, बक्षीस काय रे?
टॅबलेट, अण्णा.
रापी थांबली.
"कशावरची?"