आडं

लकडगंजातून हातठेल्यावर आलं सागाचं लाकूड,
अठरा फुटी, पाचपावलीच्या गल्लीत वळेना.
रंगारीबाईंनी सायकल उचलून आत घेतली
तेव्हा कुठे.

डोमा मेस्त्रीनं जॅक लावले दोन,
एक आमच्या खोलीत, एक भासऱ्यांच्या.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
त्या बाजूनं जाऊबाईंचा आवाज आला :
"फिरवू का?"
"अर्धा आटा," मी म्हटलं.

कवेलूंची माती डोळ्यांत.
जुनं आडं उतरलं ते हलकंफूल,
आतून उधईनं पोखरलेलं,
वर ऑइलपेंटचं साल तेवढं शाबूत.

"हे तं कधीचंच मेलं होतं," मेस्त्री म्हणाला
आणि थाप मारली वाटणीच्या भिंतीवर,
त्या चार इंची,
भांडणात एका रात्रीत उभ्या केलेल्या.
"छप्पर हिच्या डोक्यावर होतं."

दिवे लागायच्या आधी जॅक निघाले.
नवं आडं जरासं करकरलं, बसलं.
"आता भीत पाडली तरी चालते,"
तो हात धूत बोलला.

जाऊबाई त्यांच्या दाराशी, मी माझ्या.
मेस्त्रीचा चहा कोणाच्या घरचा
हे ठरेपर्यंत
तो उभाच राहिला
ओल्या हातांनी.